रुग्णसेवा आणि धम्म : फिजिशियनच्या कामाविषयी थोडेसे

संस्थेच्या स्मरणिकेसाठी आपल्या व्यवसायाविषयी काही लिहावे, असा कार्यकर्त्यांचा आग्रह झाला. विहारात, लग्नसमारंभात, बसस्थानकावर भेटणारे समाजबांधव आम्हाला हमखास एक प्रश्न विचारतात, "डॉक्टरसाहेब, तुम्ही नेमके कशाचे डॉक्टर?" हाडांचा, डोळ्यांचा, बाळंतपणाचा डॉक्टर लोकांना चटकन समजतो. 'एम. डी. मेडिसिन' ही पाटी मात्र पुष्कळांना कोड्यात टाकते. म्हणून हे काम कसे चालते आणि आपल्या समाजाच्या आरोग्याशी त्याचा संबंध काय, हे आमच्या अल्प अनुभवातून सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

फिजिशियन म्हणजे कोण?

प्रौढ माणसाच्या शरीरातील आजारांचे शस्त्रक्रियेशिवाय निदान व उपचार करणारा तज्ज्ञ म्हणजे फिजिशियन. हृदय, फुफ्फुसे, यकृत, मूत्रपिंड, मेंदू, रक्त, ग्रंथी, सांधे हे सर्व त्याच्या कक्षेत येतात. ताप, सर्पदंश, विषबाधा, मधुमेह, रक्तदाब, पक्षाघात, दमा, कावीळ, क्षय अशा रुग्णांनी त्याचा वॉर्ड भरलेला असतो. पुढे एकेका अवयवाचे वेगळे तज्ज्ञ तयार झाले, तरी ते बहुतेक आधी फिजिशियनच झालेले असतात.

एकेका अवयवाचे तज्ज्ञ असताना फिजिशियन कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर रुग्णच देतो. साठ वर्षांच्या आजीबाई येतात तेव्हा त्यांना मधुमेह असतो, रक्तदाब असतो, गुडघे दुखतात, पायांवर सूज असते आणि पिशवीत चार डॉक्टरांच्या चार चिठ्ठ्या असतात. गुडघ्यांसाठी घेतलेली वेदनाशामक गोळी मूत्रपिंडाला त्रास देत असते आणि रक्तदाबही वाढवीत असते. या चारही चिठ्ठ्या एकत्र वाचून कोणती गोळी ठेवायची आणि कोणती थांबवायची, हे ठरवणारा एक माणूस लागतो. ते आमचे काम.

निदान कसे होते?

लोकांची समजूत अशी की, डॉक्टर यंत्रावर रोग पाहतो. प्रत्यक्षात बहुतेक निदान रुग्णाच्या बोलण्यातून होते. कधीपासून त्रास आहे, सुरुवात कशी झाली, कशाने वाढतो, कशाने कमी होतो, घरात आणखी कोणाला आहे काय, काम कोणते, पाणी कोठले, दारू-तंबाखू किती, असे प्रश्न विचारावे लागतात. त्यानंतर अंगाला हात लावून तपासणी करायची. पापणी खाली ओढून रक्त कमी आहे का पाहायचे, डोळ्यांत पिवळेपणा शोधायचा, नाडी मोजायची, पोट चाचपायचे, छातीला नळी लावून ऐकायचे. ही नळी, म्हणजे स्टेथोस्कोप, फ्रान्सच्या डॉ. लेनेक यांनी १८१६ साली शोधली. त्या वेळी ती गुंडाळलेल्या कागदाची होती! रक्त-लघवीच्या तपासण्या आणि एक्स-रे यांची पाळी शेवटी येते. प्रश्न ठरला नसेल तर तपासणीचे उत्तर कोणत्या कामाचे?

या पद्धतीत आणि तथागतांच्या शिकवणीत एक साम्य आहे. दुःख आहे, दुःखाला कारण आहे, त्याचा निरोध होऊ शकतो आणि त्याचा मार्ग आहे, ही चार आर्यसत्ये आपण जाणतोच. आचार्य बुद्धघोषांनी 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथात त्यांची तुलना रोग, रोगाचे कारण, रोगाचा नाश आणि औषध यांच्याशी केली आहे. रोगाला दैव किंवा पूर्वजन्मीचे पाप म्हणून हात जोडून बसायचे नाही, त्याचे कारण शोधायचे, ही दृष्टी दोन्हींकडे सारखीच आहे.

एका विद्यार्थ्याची गोष्ट

येथे एक घटना सांगणे आवश्यक वाटते. तिच्यात चूक आमचीच होती.

विदर्भातील एका वस्तीतला एकोणीस वर्षांचा मुलगा ओ. पी. डी. मध्ये आला. हातपाय व कंबर दुखते, एवढीच तक्रार. त्या दिवशी तापाची साथ होती आणि बाहेर रांग लागलेली होती. आम्ही दोन मिनिटांत वेदनाशामक गोळ्या लिहून दिल्या आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली. चार महिन्यांनी हाच मुलगा त्याच्या आईने खांद्याचा आधार देऊन आणला. या वेळी वेदना इतकी होती की, त्याला खुर्चीवर बसवत नव्हते. आई म्हणाली, "साहेब, लहानपणापासून असंच आहे याचं. बाप म्हणतो, कामाला टाळतो. शाळेत गुरुजी म्हणत, सोंग करतो. कोणी म्हणालं वात आहे, कोणी म्हणालं बाहेरची बाधा आहे. अंगारा झाला, सलाईन झाली, सगळं झालं."

आता आम्ही बसून विचारले. वर्षाचा असताना हातापायांची बोटे सुजली होती काय? हो. डोळे अधूनमधून पिवळे होतात काय? हो. थंडीत, तापात किंवा उन्हात राबल्यावर दुखणे वाढते काय? हो. भावंडांपैकी कोणी लहानपणी गेले काय? आई थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "एक मुलगी गेली, तीन वर्षांची होती." रक्त तपासले, तेव्हा सिकलसेल आजार निघाला. जे प्रश्न आम्ही चौथ्या महिन्यात विचारले, ते पहिल्या दिवशी विचारले असते तर त्या मुलाचे चार महिन्यांचे हाल वाचले असते.

सिकलसेल म्हणजे काय?

आपल्या रक्तातील तांबड्या पेशी गोल व लवचीक असतात. त्यांच्यातील हिमोग्लोबिन हे द्रव्य प्राणवायू वाहून नेते. सिकलसेलमध्ये या हिमोग्लोबिनच्या रचनेत एकाच ठिकाणी एक घटक बदललेला असतो. एवढ्याशा बदलामुळे प्राणवायू कमी पडला की पेशी विळ्यासारखी वाकडी आणि कडक होते. इंग्रजीत सिकल म्हणजे विळा. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, पुढचा रक्तपुरवठा थांबतो आणि असह्य वेदना होतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही मात्र दहा ते वीस दिवसांतच फुटते. त्यामुळे रक्त कमी पडते व डोळे पिवळे दिसतात. वारंवार जंतुसंसर्ग, छातीत अचानक होणारा गंभीर त्रास, खुब्याचे हाड खराब होणे, लहान वयात पक्षाघात, असे याचे अनेक परिणाम आहेत.

वैद्यकीय वाङ्मयात या आजाराचे पहिले वर्णन शिकागोचे फिजिशियन डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० साली केले. त्यांचा रुग्णही एक विद्यार्थीच होता, ग्रेनेडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला. भारतात १९५२ साली निलगिरीच्या डोंगरातील आदिवासींमध्ये तो प्रथम आढळला. आज विदर्भ, नंदुरबार, गडचिरोली या भागांत, तसेच मध्य प्रदेश, छत्तीसगड, ओडिशा व गुजरात या राज्यांत त्याचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. आदिवासी बांधवांप्रमाणेच विदर्भातील आपल्या बौद्ध समाजातही त्याचे प्रमाण लक्षणीय आहे. इतर समाजही त्यातून सुटलेले नाहीत.

आपल्यातच हा आजार का, या प्रश्नात लाज मानण्यासारखे काही नाही. ज्याला सिकलचा एकच दोष आई किंवा वडिलांकडून मिळाला, त्याला 'वाहक' म्हणतात. वाहकाला सहसा त्रास नसतो. उलट जीवघेण्या मलेरियापासून त्याला बरेच संरक्षण मिळते. म्हणून आफ्रिका असो, अरबस्तान असो की मध्य भारताचा जंगलपट्टा असो, जेथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तेथे वाहक जगले आणि त्यांची संख्या वाढली. हा डासाचा व निसर्गाचा इतिहास आहे. त्यात कोणाचे पाप नाही आणि कोणत्याही जातीचे हीनत्व नाही.

उपचारांविषयी निराश होण्याचे कारण नाही. हायड्रॉक्सीयुरिया नावाच्या गोळीने वेदनेचे झटके पुष्कळ कमी होतात. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, वेळोवेळी रक्त तपासून घ्यावी लागते. फॉलिक ॲसिड, भरपूर पाणी, थंडीपासून बचाव, लहान मुलांना पेनिसिलिन व ठरावीक लसी यांनी आयुष्य वाढते. ताप आला, श्वास लागला, छातीत दुखले किंवा हातपाय लुळे पडले तर मात्र घरी न थांबता तत्काळ रुग्णालय गाठावे. आणि वेदना होते म्हणणाऱ्या रुग्णावर विश्वास ठेवावा. डॉक्टरांनीही ठेवावा, हे आम्ही स्वतःला बजावून सांगतो.

लग्न आणि रक्ततपासणी

त्या मुलाचे निदान झाल्यावर आम्ही घरातील सर्वांच्या तपासण्या करविल्या. आईवडील दोघेही वाहक निघाले आणि मोठी बहीणही वाहक निघाली. बहिणीचे लग्न ठरत होते. वडील संध्याकाळी एकटेच आले आणि म्हणाले, "साहेब, हा कागद फाडून टाका. पाहुण्यांना कळलं तर पोरगी घरात राहील." आमच्या दवाखान्यातील हा सर्वांत कठीण प्रसंग असतो. रुग्णाची माहिती त्याच्या संमतीवाचून दुसऱ्याला सांगण्याचा आम्हाला अधिकार नाही. पण खोटे सांगण्याचाही नाही. आम्ही वडिलांना एवढेच म्हणालो, "दादा, मुलीला बोलवा. कागद तिचा आहे." मुलगी आली, तिने सर्व समजून घेतले आणि स्वतःच मुलाकडच्यांना सांगितले. मुलाने तपासणी केली. तो निर्दोष निघाला आणि लग्न झाले.

हिशेब सोपा आहे आणि तो प्रत्येक विद्यार्थ्याने पाठ करावा. वाहक व निर्दोष यांचे लग्न झाले तर एकही अपत्य सिकलसेलचे रुग्ण होत नाही. प्रत्येक अपत्य वाहक असण्याची शक्यता निम्मी. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत रुग्ण अपत्याची शक्यता २५ टक्के, वाहकाची ५० टक्के व निर्दोषाची २५ टक्के. पहिले मूल निरोगी झाले म्हणजे पुढचा धोका टळला असे नव्हे; दर खेपेला हिशेब नव्याने सुरू होतो. एक रुग्ण आणि एक वाहक असेल तर शक्यता ५० टक्के. दोघे वाहक आधीच विवाहित असतील तर गर्भारपणाच्या सुरुवातीलाच तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. मोठ्या केंद्रांत गर्भाची तपासणी होऊ शकते.

तपासणीही कठीण नाही. थेंबभर रक्तावर सोल्युबिलिटी चाचणी होते. ती फक्त दोष आहे की नाही एवढेच सांगते. माणूस वाहक आहे की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एच. पी. एल. सी. या पुढच्या तपासणीने ठरते. थॅलसेमियाचा वाहकही याच तपासणीत सापडतो. तेही महत्त्वाचे आहे, कारण सिकल व थॅलसेमिया यांचे वाहक एकत्र आले तरी अपत्य आजारी होऊ शकते. केंद्र शासनाने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले. त्याचे लक्ष्य २०४७ हे वर्ष आहे आणि त्यात ४० वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी अभिप्रेत आहे. सरकारी यंत्रणेचा लाभ आपण घेतलाच पाहिजे.

आपण कुंडली व गुण जुळवणे सोडले, हे धम्मदीक्षेचे मोठे फळ आहे. पण त्या रिकाम्या जागी आपण काय आणले? वधू-वर परिचय मेळाव्याच्या अर्जात शिक्षण, नोकरी, उंची, रंग हे सारे रकाने असतात. त्यात सिकलसेल तपासणीचा एक रकाना वाढवावा आणि मेळाव्याच्या दिवशीच तपासणीचे टेबल मांडावे, अशी आमची संस्थेला नम्र विनंती आहे. मात्र अहवाल ज्याचा त्याच्याच हाती द्यावा. तो फलकावर लावू नये, माईकवरून वाचू नये. वाहक मुलीला नाकारण्यासाठी ही तपासणी वापरली गेली, तर जुन्या अस्पृश्यतेला आपण नवे नाव दिल्यासारखे होईल.

मधुमेह, रक्तदाब आणि क्षय

सिकलसेलवर अधिक लिहिले, कारण त्याविषयी आपल्यात बोलले जात नाही. परंतु आमच्या ओ. पी. डी. तील सर्वाधिक गर्दी मधुमेह व रक्तदाब यांची असते. परमपूज्य बाबासाहेबांना मधुमेह होता, हे आपण वाचलेले आहे. पायांच्या वेदना आणि ढासळती प्रकृती यांना तोंड देत त्यांनी 'दि बुद्ध अँड हिज धम्म' हा ग्रंथ लिहिला आणि १९५६ च्या ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्या काळी उपलब्ध औषधे मोजकी होती. इन्सुलिनचा शोध १९२१ सालचा. आज साध्या गोळ्या सरकारी दवाखान्यातही मिळतात, तरी लोक "बरे वाटते" म्हणून त्या बंद करतात. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून अधिक, अथवा रक्तदाब १४० वर ९० किंवा त्याहून अधिक, असे पुन्हा तपासल्यावरही आढळले तर तो आजार समजावा. हे आजार दुखत नाहीत, म्हणूनच घातक आहेत. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा दोन्ही तपासून घ्यावेत आणि मधुमेह्याने रोज रात्री स्वतःचे तळपाय पाहावेत.

दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर थुंकी तपासावी. क्षयाची तपासणी व औषधे शासनाकडून मोफत मिळतात. साधा क्षय सहा महिन्यांच्या उपचाराने बरा होतो. रुग्णाला आहारासाठी मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १००० रुपये झाली आहे. दोन महिन्यांत वजन वाढते, खोकला थांबतो आणि येथेच रुग्ण औषध सोडतो. तसे केल्यास पुढे औषधांना दाद न देणारा क्षय होण्याची भीती असते.

चांगला शुश्रूषक, चांगला रुग्ण

विनयपिटकातील एक प्रसंग आम्ही शिकाऊ डॉक्टरांना नेहमी सांगतो. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडून होता. तो कोणाच्या उपयोगी पडत नाही म्हणून कोणीही त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले. दोघांनी मिळून त्याला आंघोळ घातली, उचलून मंचकावर निजविले आणि मग संघाला एकमेकांच्या शुश्रूषेचा उपदेश केला. रुग्णसेवा ही तथागतांचीच सेवा, असे त्या उपदेशाचे सार आहे.

त्याच ठिकाणी चांगल्या शुश्रूषकाची पाच लक्षणे आहेत. त्याला औषध तयार करता यावे. रुग्णाला काय मानवते आणि काय नाही हे कळावे. लाभाच्या आशेने नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करावी. मलमूत्र, थुंकी, ओकारी यांची किळस करू नये. आणि धम्माच्या गोष्टी सांगून रुग्णाला धीर द्यावा. अडीच हजार वर्षांनंतरही या यादीत आम्हाला भर घालता येत नाही. रुग्णाचीही पाच लक्षणे सांगितली आहेत. पथ्य पाळावे, प्रमाण जाणावे, औषध घ्यावे, दुखणे वाढले की कमी झाले ते खरे सांगावे आणि वेदना सहन करण्याचे धैर्य ठेवावे. यातले चौथे लक्षण आमच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे. दारू पितो हे लपवू नका, झाडफूक केली तेही लपवू नका, गोळ्या परवडत नाहीत म्हणून बंद केल्या असतील तर तसे सांगा. आम्ही रागावलो, तर दोष आमचा.

विद्यार्थ्यांसाठी

या मार्गाने येऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी वाट नीट समजून घ्यावी. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र घेऊन 'नीट' परीक्षा द्यावी लागते. एम. बी. बी. एस. साडेचार वर्षांचे आणि त्यानंतर एक वर्ष इंटर्नशिप. मग पदव्युत्तर प्रवेश परीक्षा आणि तीन वर्षांचे एम. डी. (जनरल मेडिसिन). म्हणजे बारावीनंतर किमान साडेआठ वर्षे. हृदयरोगासारख्या विषयात डी. एम. करावयाचे तर आणखी तीन. मात्र एम. डी. च्या काळात विद्यावेतन मिळते, हे पालकांनी लक्षात ठेवावे.

१९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती बौद्धांनाही मिळू लागल्या. त्यासाठी जात प्रमाणपत्र व जात वैधता प्रमाणपत्र लागते. १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा शोधण्यात महिने जातात. म्हणून आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला किंवा कोतवाल बुकाची नक्कल अकरावीतच मिळवून ठेवावी. हुशार मुलामुलींचे प्रवेश गुणांअभावी नव्हे, तर एका कागदाअभावी अडलेले आम्ही पाहिले आहेत.

हे काम सोपे आहे असे आम्ही सांगणार नाही. रात्री दोन वाजता घोणस चावलेला शेतमजूर येतो. पहाटेपर्यंत प्रतिविष देत उभे राहावे लागते, आणि सकाळी राउंड असतोच. प्रयत्न करूनही रुग्ण दगावतो आणि बाहेर येऊन नातेवाइकांना ते आपल्याच तोंडाने सांगावे लागते. वसतिगृहात, वॉर्डात जातीवरून टोमणे ऐकावे लागतात, हेही खरे. अशा वेळी एकट्याने कुढत बसू नये. वडीलधाऱ्यांशी, मित्रांशी, संस्थेशी बोलावे.

पण या कामाचे समाधानही तसेच आहे. तो एकोणीस वर्षांचा मुलगा पुढे नियमित गोळ्या घेऊ लागला. झटके कमी झाले आणि त्याने पदवी पूर्ण केली. मागील बुद्धपौर्णिमेला तो विहारात खीरदानाच्या रांगेत वाढताना दिसला. त्याचे वडील जवळ आले आणि म्हणाले, "साहेब, पोरगं सोंग करत नव्हतं." त्या एका वाक्यात बापाचा पश्चात्ताप होता आणि आमचाही. प्रत्येक घराने आपापल्या मुलांचे दुखणे वेळीच ऐकावे, संस्थेने तपासणीचे टेबल मांडावे आणि आपल्या वस्तीतून आणखी डॉक्टर घडावेत, एवढीच सदिच्छा व्यक्त करून आम्ही हे लेखन थांबवितो.

भवतु सब्ब मंगलम्! जयभीम!